सोएरिसच्या नावाचा दाखला

सिनारी गावाच्या दक्षिणेला, शेतं संपून वाळू सुरू होते तिथं, गावाचा उकिरडा होता. राख, फुटकी मडकी, मेलेल्या कोंबड्या सगळं तिथं जायचं. नको झालेली पोरंही तिथंच जायची. असं पोर कुणी उचललं तर त्याला मनाई नव्हती. उचलावं, वाढवावं, हातापायानं धड निघालं की गुलाम म्हणून राबवावं, अशी रीतच होती. या पोरांचं नावही बहुधा ठरलेलं असे. कोप्रेस, म्हणजे उकिरड्यावरचा. आपल्या या कोप्रेसच्या लहानपणी गावात त्याच नावाचे आणखी दोघं होते, आणि दोघंही दुसऱ्यांच्या शेतावर राबत होते.

त्याला उचललं सोएरिसनं. ती विधवा होती, मागावर लोकरी कापड विणून पोट भरायची. सकाळी राख टाकायला गेली आणि येताना टोपलीत पोर घेऊन आली. शेजारीण म्हणाली, "बरं झालं. दहा वर्षं कळ काढ, मग पाणी भरायला माणूस झालाच." सोएरिसनं टोपली आत नेली. सहा वर्षांनी तिनं त्याचा हात धरला आणि त्याला मगरदेवाच्या देवळातल्या लेखनिकाकडे नेऊन सोडलं. शिकवण्याच्या बदल्यात त्याच्या घरचं कापड ती विणून देणार होती.

शेजारीण हसली. "गुलामाला अक्षरं कशाला गं?"

"गुलाम कुठाय? मला तर पोरगा दिसतोय," सोएरिस म्हणाली, आणि धोटा पुन्हा ताण्यातून सरकवला.

कोप्रेसचं अक्षर बघता बघता मोत्याच्या दाण्यासारखं झालं. विशीत तो गावचावडीच्या ओसरीवर बोरू, दौत आणि कागदाची गुंडाळी घेऊन बसू लागला. खंडाचे करार, काडीमोड, पलटणीतल्या मुलाला पत्र, शेजाऱ्याच्या गाढवाविरुद्ध अर्ज, सिनारीचा सगळा संसार त्याच्या बोरूतून जायचा. गावातली म्हातारी माणसं त्याला बघून म्हणायची, "बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, ते खोटं नाही." तो हसून मान खाली घालायचा. टोमणा आणि कौतुक यांतला फरक न बघायची सवय त्यानं लहानपणीच लावून घेतली होती.

कामाच्या बाबतीत त्याचा एक नेम होता. समोरचा सांगेल ते लिहायचं, ते खरं की खोटं हे विचारायचं नाही. "खरं-खोटं सांगणाऱ्याचं. अक्षर तेवढं माझं," असं तो म्हणायचा. त्यानं एका नावाड्याची मुलगी केली, हेराईस तिचं नाव. दोन मुली झाल्या. सोएरिस मात्र जुन्या घरातच राहिली. माग हलवला तर बिघडेल, असं ती सांगायची.

मग ती साथ आली.

आधी उलट्या, मग डोळे लाल, मग घसा बंद. कालव्याच्या वरच्या अंगाच्या गावांत माणसं पटापट मरायला लागली तेव्हा हेराईसनं मुलींची बोचकी बांधली. भावाच्या गावी, नदीपलीकडे जायचं ठरलं. कोप्रेस आईला न्यायला गेला तर ती अंथरुणावर होती, अंग तापलेलं.

"जा तू," ती म्हणाली. "मुली आहेत तुझ्या."

"आई, दोन दिवसांत येतो परत."

"ये. आता जा."

त्यानं उशाशी पाण्याचा घडा ठेवला आणि निघाला. परत आला तो चाळीस दिवसांनी. वाटेत त्यानं मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं, कुठे पुरायची, कुणाला बोलवायचं. घरात शिरला तर सोएरिस मागावर बसलेली. केस गळालेले, गालांची हाडं वर आलेली, पण बसलेली. शेजारी दिदिमे रंगारीण तिला मसुराचं कढण भरवत होती. रंगारीण गावाबाहेर राहायची. रंगाच्या कुंडांचा वास तिच्या अंगाला असायचा, आणि निळीनं हात कोपरापर्यंत कायमचे निळे झाले होते. तेच निळे हात महिनाभर सोएरिसचं तोंड पुसत होते.

दिदिमे ख्रिस्तवाल्यांपैकी होती. आठवड्यातून एकदा दहा-बारा माणसं पहाटे तिच्या कुंडांच्या मागच्या खोलीत जमायची. साथीत ही माणसं पळाली नाहीत. कुणाच्याही घरात शिरून पाणी पाजत होती, आणि त्यांतली चार मेलीही. गावानं त्यांचं पाणी घेतलं. साथ ओसरल्यावर त्याच गावानं म्हणायला सुरुवात केली, की ही साथ आलीच या लोकांमुळं, हे देवांना मानत नाहीत म्हणून.

सोएरिस त्या खोलीत जाऊ लागली. कोप्रेसनं कधी विचारलं नाही. चाळीस दिवसांचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळा लवकर आला. कालव्याचं पाणी इतकं उतरलं की तळाच्या चिखलात मासे पाठ उघडी टाकून पडायचे. अशात एक दिवस चावडीसमोर दवंडी पिटली. नव्या सम्राटाचा हुकूम होता. साम्राज्यातल्या प्रत्येक माणसानं, बाईनं आणि पोरानं, देवांपुढे यावं. मद्याची धार सोडावी, निखाऱ्यावर धूप टाकावा, बळीच्या मांसाचा घास खावा, आणि तसं केल्याचा दाखला घ्यावा. ज्याच्याकडे दाखला नाही, त्याचं काय ते दवंडीवाल्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

शहरातून पंच आले. मुख्याचं नाव हेराक्लास, पन्नाशीचा, पोटाचा विकार असलेला माणूस, दिवसभर बडीशेपेचं पाणी पीत बसायचा. त्यानं गावाची घरवार यादी मागवली, चांगलं अक्षर कुणाचं ते विचारलं, आणि कोप्रेसला देवळाच्या अंगणात वेदीशेजारी बसवलं.

मजकूर एकच होता. अमक्या गावचा अमका, वय इतकं, अंगावर खूण अमुक. मी सदैव देवांची पूजा करत आलो आहे, आणि आताही तुमच्यासमोर धूप टाकला, धार सोडली, बळीचा घास घेतला. सही-शिक्का व्हावा. कोप्रेस एका माणसाच्या दोन प्रती करायचा. एक त्या माणसाला, एक शहरातल्या दप्तराला. पहिल्या दिवशी त्यानं एकोणतीस माणसं लिहिली. रांगेत थट्टा चालायची.

"फुकटचं मटण, आणि वर कागद. असा सम्राट रोज मिळो."

"हळू बोल. तुझ्या दाखल्यावर खूण काय लिहू?"

"लिही, बायकोनं मारल्याचा वण, डाव्या कपाळावर."

पण पूजा झालेल्या प्रत्येक नावापुढे यादीत टिंब पडत होतं, आणि टिंब नसलेली कोरी नावं दिवसागणिक उठून दिसू लागली. आठव्या दिवशी थट्टा थांबली. रांगेत उभी असलेली माणसं एकमेकांकडे न बघता पुढे सरकायची. कोण अजून आलं नाही हे ज्याला त्याला ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी दिदिमे आली. तीन मुलांना पुढे घालून. निळ्या बोटांत धुपाची चिमूट धरली आणि हात वेदीवर तसाच थांबला. हेराक्लास म्हणाला, "बाई, मागं माणसं खोळंबलीत." चिमूट सुटली. धूर झाला. मांसाचा तुकडा तिनं तोंडात घातला आणि चघळत राहिली, गिळवेना. कोप्रेसनं लिहिलं. वय अडतीस, दोन्ही हात निळे. दाखला घेताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी तो आईकडे गेला. सोएरिस दारात बसून लोकर विंचरत होती.

"तुझी दिदिमे आली होती," तो म्हणाला.

"कळलं."

"तिनं केलं, आई. तिनंच तुला यात ओढलं, आणि तिनं केलं."

"तिला तीन लेकरं आहेत." सोएरिसनं लोकरीतला काटा काढून बाजूला ठेवला. "रात्रभर रडत होती. मी म्हटलं, जा. देव तुझ्या बोटांकडे बघणार नाही."

"मग तुझ्याच बोटांकडे का बघेल?"

"मला कुणी लेकरं नाहीत उपाशी मरायला. तू मोठा झालास."

"आई, एक चिमूट आहे. एवढीशी."

"एवढीशी आहे तर त्यांना एवढी हवी कशाला?"

तो घरी निघाला.

हेराक्लास दिवस मावळताना सह्या करायचा, आणि तेव्हा त्याचं पोट हटकून दुखायचं. गठ्ठा समोर यायचा, तो एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं सही करत जायचा. मजकूर वाचत नसे. बाराव्या दिवशी त्या गठ्ठ्यात मधोमध दोन कागद जास्तीचे होते. सोएरिस, विणकरीण, वय साठ, उजव्या अंगठ्यावर वण. सही झाली. कोप्रेसनं यादीत तिच्या नावापुढे टिंब दिलं. तेव्हा बोरूचं टोक घसरून टिंबाला शेपूट फुटलं, आणि ते खरवडायला त्याला धीर झाला नाही.

घरी येऊन त्यानं हेराईसला सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"अहो, आईंना सांगितलंत?"

"सांगतो उद्या."

"त्या घेतील?"

"घ्यायची गरजच नाही. दप्तरात गेलं की संपलं. तिनं फक्त गप्प बसायचं."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला कागद वाचून दाखवला. सोएरिसला अक्षर येत नव्हतं. तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, जसं दुसऱ्याचं विणलेलं कापड बघावं तसा.

"यात लिहिलंय मी मांस खाल्लं?"

"हो."

"आणि मी नेहमीच त्यांची पूजा करत आले?"

"सगळ्यांचं तेच लिहिलंय, आई."

"सगळ्यांनी खाल्लं. मी नाही खाल्लं." तिनं कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "तू माझ्यासाठी केलंस, ते मला कळतंय. पण हे घरात नको ठेवू. ने."

"तू बोलू नकोस म्हणजे झालं. एवढं तरी करशील?"

ती मागाकडे वळली. त्यानं तो होकार समजला.

हे तिथंच मिटलं असतं. पण शहरातून नवा आदेश आला, की ज्यांनी पूजा केली त्यांची नावं देवळाच्या दारात मोठ्यानं वाचावीत, म्हणजे राहिलेल्यांना लाज वाटेल. दवंडीवाला सकाळी वाचायला लागला. बायका पाण्याचे घडे घेऊन थांबल्या होत्या. त्यांत सोएरिस होती. विणकरीण सोएरिस, असं तो म्हणाला, तेव्हा शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. "अगं, तूही? आणि आम्ही उगीच काळजी करत होतो." पलीकडे दोघी ख्रिस्तवाल्या उभ्या होत्या, अजून वेदीपाशी न गेलेल्या. त्यांनी तोंडं फिरवली.

सोएरिस घडा घेऊन घरी गेली. तो जागेवर ठेवला. लुगडं झटकलं, डोक्यावर फडकं बांधलं, आणि देवळाच्या अंगणात आली.

कोप्रेसनं तिला येताना पाहिलं. रांग मोडून ती थेट हेराक्लाससमोर उभी राहिली.

"धनी, दारात वाचलं ते नाव माझं आहे. पण मी पूजा केलेली नाही."

हेराक्लासनं बडीशेपेचं पाणी खाली ठेवलं. दप्तराचा गठ्ठा मागवला, कागद काढला. स्वतःची सही बघितली.

"हे कुणी लिहिलं?"

"ते मी सांगणार नाही."

रांगेत पंधरा-वीस माणसं होती. त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं की सोएरिसनं कुणाला टोपलीतून आणलं आणि कुणाला शिकवलं. कुणी हललं नाही. हेराक्लास कोप्रेसकडे वळला.

"अक्षर तुझंच आहे."

"माझंच आहे, धनी. दिवसाला तीस लिहितो. कुणी बाई आली असेल, हे नाव सांगितलं असेल."

"हिला ओळखतोस?"

"गावातली विणकरीण आहे."

"तुझी कोण?"

कोप्रेसनं बोरू खाली ठेवला. "मी उकिरड्यावर सापडलेला आहे, धनी. मला कुणी नाही."

हेराक्लासनं सोएरिसकडे बघितलं. "खरं आहे हे?"

"त्याचं नाव कोप्रेस आहे," सोएरिस म्हणाली. "तो कुठून आला ते नावातच आहे. गावात कुणालाही विचारा." आणि तिनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तो स्वतःला विचारत राहिला, की ते त्याला वाचवायला होतं की तिला बघवत नव्हतं म्हणून.

"ठीक आहे," हेराक्लास म्हणाला. "जुना कागद फाड. नवा लिही. ही काय सांगते ते तिच्याच शब्दांत लिही, म्हणजे शहरात कुणी म्हणायला नको की आम्ही घातलं तिच्या तोंडात."

कोप्रेसनं बोरू दौतीत बुडवला. सोएरिसनं सावकाश सांगितलं, प्रत्येक वाक्यानंतर थांबून, त्याला लिहायला वेळ मिळावा म्हणून. मी सोएरिस, विणकरीण. मी ख्रिस्ताची आहे. मी धूप टाकलेला नाही, आणि टाकणार नाही. माझ्यावर कुणाची बळजबरी नाही. तो लिहीत गेला. त्या कागदावरचं अक्षरही इतर सगळ्या कागदांसारखंच सुबक होतं.

दुपारी तिला गाढवावर बसवून शहराकडे नेलं. दोन शिपाई होते. वाटेत दिदिमेची कुंडं लागतात. दिदिमे बाहेर येऊन उभी राहिली, निळे हात पोटाशी घट्ट धरून. कोप्रेस अंगणात पुढची नावं लिहीत होता.

चौथ्या दिवशी तो भाकऱ्या, कांदे आणि एक घोंगडी घेऊन शहरात गेला. तुरुंगाच्या दारातला शिपाई म्हणाला, "विणकरीण? म्हातारी? दोन दिवस झाले, वर नेली."

"वर म्हणजे कुठं?"

"नदीनं वर. खाणीकडं नेतात त्यांना. तू कोण तिचा?"

"मुलगा," कोप्रेस म्हणाला.

"मग आधी यायचं होतंस." शिपायानं भाकऱ्या ठेवून घेतल्या, घोंगडी परत दिली.

खाणी तीन होत्या. त्यानं तिन्हीकडच्या लेखनिकांना पत्रं लिहिली. दोन वर्षांत फक्त एक उत्तर आलं. त्या नावाची बाई इथे नोंदलेली नाही, एवढंच.

इतक्यात तो सम्राट लढाईत मारला गेला आणि दाखले कुणी विचारीनासं झालं. बायका ते चूल पेटवायला घेऊ लागल्या. दिदिमेच्या मागच्या खोलीत माणसं पुन्हा जमू लागली, पण ज्यांनी धूप टाकला त्यांना आत घेत नसत. त्यांनी दाराबाहेर उभं राहून प्रार्थना ऐकायची, कित्येक वर्षं. दिदिमे स्वतःच्या घराच्या दाराबाहेर उभी राहायची. एका पहाटे कोप्रेस येऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"तुझं काय इथं?" तिनं कुजबुजत विचारलं. "तू आमच्यातला नव्हतास. तू काही सोडलंच नाहीस."

"सोडलं," तो म्हणाला.

तिनं सरकून त्याला जागा दिली. तीन वर्षं दोघं तिथं उभे राहिले, थंडीत, कुंडांच्या वासात. मग त्या मंडळींतला म्हातारा पुढारी, जो त्या खोलीत ख्रिस्ताच्या नावानं भाकर मोडून वाटायचा, बाहेर आला आणि दोघांना आत घेऊन गेला. खोलीत वाचता येणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांची पोथी कोप्रेसच्या हातात आली. तो वाचायचा तेव्हा हळू वाचायचा, वाक्य संपलं की थांबायचा.

हेराईसला हे आवडलं नाही. "अहो, एकदा वाचलो आपण," ती म्हणायची. "यादी काय पुन्हा होत नाही का?"

झाली. साथीनंतर आठव्या वर्षी नवा हुकूम आला. या वेळी सगळ्या गावाला बोलावलं नाही. फक्त विचारलं, की जमतात कुठं, आणि तिथं पुढारी कोण, वाचतं कोण. हुकूम चावडीवर आला तेव्हा तो वाचून दाखवायला नेहमीप्रमाणे कोप्रेसलाच बोलावलं. त्यानं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. ऐकणारी माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. गुंडाळी बांधून त्यानं चावडीवाल्याच्या हातात दिली, घरी गेला, मुलींना जवळ घेतलं, आणि पोथी कापडात गुंडाळून दिदिमेच्या रिकाम्या कुंडाच्या तळाशी ठेवली.

शिपाई दोन दिवसांनी पहाटे आले. खोलीत सात माणसं होती. "इथं वाचतो कोण?" असं त्यांनी विचारलं. दिदिमेनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी कोप्रेस उठून उभा राहिला होता.

"मी वाचतो."

"नाव?"

"कोप्रेस."

"बापाचं?"

"माहीत नाही. आईचं लिहा, सोएरिस."

त्याला पश्चिमेच्या वाळवंटातल्या एका ठाण्यावर पाठवलं, गावापासून नऊ दिवसांच्या वाटेवर. पोथी कुठं आहे ते त्यानं सांगितलं नाही, म्हणून जाण्याआधी शिपायांनी त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. हेराईसला एकच पत्र आलं, उंटवाल्याबरोबर, डाव्या हातानं लिहिलेलं, पोरानं पहिल्यांदा गिरवावं तसं वाकडंतिकडं. इथं भाकरीत वाळू असते. रात्री गार पडतं, लोकरीची टोपी पाठव. मुलींना सांभाळ. पाणी पाजणारा इथं एक माणूस आहे, चांगला आहे.

हेराईसनं टोपी विणली आणि त्याच उंटवाल्याबरोबर पाठवली. ती पोचली की नाही, हे सिनारीत कुणाला कधी कळलं नाही.